अकरा महिन्यांची भीती

घाटकोपर पश्चिमेला आजोबांनी 1958 साली दुमजली इमारत बांधली. तिचं भाडेपावत्यांचं पुस्तक आता माझ्या कपाटात असतं. बारा बिऱ्हाडं, दर महिन्याला बारा पावत्या. पहिल्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीचं भाडं सुरुवातीला 45 रुपये होतं, करवाढीसह 1987 च्या ऑक्टोबरपर्यंत 60 झालं. कायद्याप्रमाणे त्यात 5 टक्के मिळवले की 63. पुढे 2000 सालापासून दर वर्षी 4 टक्के. पंचवीस वर्षांचं चक्रवाढीने मोजलं तरी 168 रुपये होतात. त्याच कपाटात खालच्या खणात बोरिवलीच्या माझ्या वन बीएचकेचा लिव्ह अँड लायसन्सचा करार आहे. महिना 32 हजार, डिपॉझिट दीड लाख. हे दोन्ही कागद महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 या एकाच कायद्याखाली येतात.

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. राहते मुलुंड पूर्वेला. बोरिवलीचं घर नोकरीत असताना कर्ज काढून घेतलं, घाटकोपरच्या इमारतीत माझा तिसरा हिस्सा आहे. म्हणजे उपनगरातला घरमालक ज्या दोन जातींचा असतो, त्या दोन्हींत मी मोडते. पागडीच्या, म्हणजे खोली देताना एकरकमी रक्कम घेतलेल्या, इमारतीचा मालक आणि एखाददुसरा फ्लॅट भाड्याने देणारा मालक यांची दुःखं वेगळी आहेत, पण बातम्यांत आणि भाषणांत दोघांना एकाच शब्दात गुंडाळलं जातं. भाडेकायद्याकडे घरमालकाच्या बाजूने पाहायचं तर आधी ही गाठ सोडवावी लागते.

मुंबईत भाड्यावर पहिलं नियंत्रण आलं 1918 साली, महायुद्धाच्या टंचाईत. दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा आलं आणि 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने पक्कं झालं. 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडं होतं ते प्रमाण भाडं; त्यानंतर पहिल्यांदा दिलेल्या जागेला पहिल्या भाडेकरूने जे दिलं ते प्रमाण. त्या काळी हा कायदा हवाच होता, असं मला मनापासून वाटतं. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत होते, मुलुंडलाही सिंधी कुटुंबांची छावणी होती. अशा वेळी मालकांना मोकळं सोडलं असतं तर माणसं रस्त्यावर आली असती. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षांहून अधिक टिकला. मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात 1997 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, भाडी अशी गोठवून ठेवणं आता अवाजवी झालं आहे. कायद्याची मुदत 1998 च्या मार्चअखेर संपणारच होती, म्हणून न्यायालयाने तो रद्द केला नाही. मुदत पुन्हा वाढली. नवा कायदा अमलात आला तो 31 मार्च 2000 रोजी. त्याने गोठलेलं भाडं थोडं वितळवलं, एवढंच. 1 ऑक्टोबर 1987 चं भाडं अधिक 5 टक्के हे नवं प्रमाण, त्यावर वर्षाला 4 टक्के. मुळात पाया जिथे 60 रुपयांचा, तिथे टक्क्यांनी काय होणार?

इथे आमच्या बाजूने जे सांगितलं जात नाही तेही सांगते. आजोबांनी पागडी घेतली होती. सगळेच घेत. 1947 च्या कायद्याखाली तो गुन्हा होता, म्हणून पावती कधीच नसे. पण भाडेकरूने बायकोचे दागिने मोडून आणलेली रक्कम रोख मोजून घेतल्याचं आईच्या आठवणीत आहे. खोली दुसऱ्याच्या नावावर करायची झाली की मालकाचा रिवाजाने साधारण तिसरा हिस्सा. 1999 च्या कायद्याच्या 56 व्या कलमाने हा व्यवहार उजेडात आणला, कायदेशीर केला. तेव्हा ‘168 रुपयांत घर वापरतात’ ही आमची तक्रार खरी असली तरी अर्धीच आहे. भाडेकरूने घराची बरीचशी किंमत आधीच मोजलेली असते, आणि म्हणूनच त्याला ते घर आपलं वाटतं. पागडीच्या इमारतीत मालकी दोघांत विभागलेली आहे आणि कायदा मात्र एकाला मालक, दुसऱ्याला भाडेकरू म्हणत राहतो. निम्मी भांडणं इथून सुरू होतात.

त्यात उपनगराचं आणखी एक दुखणं आहे. बेट मुंबईतल्या जुन्या इमारतींसाठी 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं. मालक-भाडेकरू उपकर भरतात, मंडळ टेकू लावतं, दुरुस्ती करतं. सुरुवातीला अशा 19,642 इमारती होत्या, सगळ्या कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या. उपनगरं महापालिकेत आली 1950 आणि 1957 मध्ये, पण उपकराची ही सोय तिथे आली नाही. आमच्या इमारतीला ना मंडळ, ना उपकर. दुरुस्तीची जबाबदारी कायद्याने मालकावर, आणि बारा खोल्यांचं मिळून महिन्याचं भाडं दोन हजारांच्या आसपास. तीन वर्षांपूर्वी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं ठरलं, तेव्हा बाराही बिऱ्हाडांना एकत्र बसवलं आणि हिशेब समोर ठेवला. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, “ताई, गच्ची तुमची, पण पाणी आमच्या ताटात पडतं.” सगळ्यांनी वर्गणी काढली. हे कायद्याने झालं नाही, साठ वर्षांच्या शेजाराने झालं. सगळीकडे असं होत नाही. बहुतेक ठिकाणी इमारत पालिकेच्या 354 कलमाच्या नोटिशीची वाट पाहत उभी असते, कारण इमारत धोकादायक ठरली की पुनर्विकास सोपा होईल असं मालकाला वाटतं, आणि घर सोडलं की हक्क जाईल या भीतीने भाडेकरू हलत नाही. भाडेकरूचा हक्क इमारत पाडल्यावरही शाबूत राहतो, हे त्याला कोणी नीट सांगत नाही. नव्या विकास नियमावलीत 33(7)(अ) खाली उपनगरातल्या भाडेकरूव्याप्त इमारतींची सोय आहे, पण छोट्या भूखंडावर तीन वारस आणि बारा भाडेकरू यांचं गणित जुळवणारा बिल्डर सहज सापडत नाही. आमचा शोध अजून चालू आहे.

आता दुसरी जात. फ्लॅट भाड्याने देणाऱ्या मालकाच्या मनातली भीती समजून घ्यायची तर एक तारीख माहीत हवी: 1 फेब्रुवारी 1973. तोपर्यंत मालक भाडेकायदा टाळायला ‘लायसन्स’वर जागा देत. 1973 च्या दुरुस्तीने सरकारने ठरवलं की, त्या दिवशी जो लायसन्सवर राहत असेल तो संरक्षित भाडेकरू. माझ्या एका मामांनी अंधेरीतला नवाकोरा ब्लॉक 1971 साली ऑफिसातल्या सहकाऱ्याला दोन वर्षांसाठी दिला होता, कारण त्यांची स्वतःची बदली नागपूरला झाली होती. मामा परत आले ते भावाच्या घरी. तो ब्लॉक त्यांना पुन्हा पाहायला मिळाला तो पाहुणा म्हणून. त्यांनी कोर्टात जाऊन ‘स्वतःला गरज आहे’ हे कारण मांडलं. पण मालकाची अडचण मोठी की भाडेकरूची, हेही कायदा तोलून पाहतो, आणि भाडेकरूची मुलं शाळेत होती. मामांच्या घरात पुढची तीस वर्षं एक वाक्य ऐकू येई: “घर बंद ठेवा, पण भाड्याने देऊ नका.”

त्या एका वाक्याने या शहराचं काय केलं, ते 2011 च्या जनगणनेत दिसतं. मुंबईत सुमारे 4 लाख 80 हजार घरं रिकामी आढळली. 2017-18 च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत हा आकडा देऊन आणखी एक गोष्ट सांगितली होती: देशाच्या शहरांत भाड्याच्या घरांचं प्रमाण 1961 मध्ये 54 टक्के होतं, ते 2011 मध्ये 28 टक्क्यांवर आलं. सगळा दोष भाडेकायद्याचा नाही. गुंतवणूक म्हणून घेतलेली घरंही त्यात आहेत. पण कुलूप लावलेल्या कितीतरी दारांमागे मामांची भीती आहे, हे मी माझ्या सोसायटीतल्या बंद फ्लॅटांवरून सांगू शकते.

1999 च्या कायद्याने या भीतीवर उत्तर शोधलं. कलम 24 प्रमाणे लायसन्सची मुदत संपली की घर सोडायचं. नाही सोडलं तर दुप्पट भाडं भरपाई म्हणून. दाद दिवाणी कोर्टात मागायची नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे मागायची. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत भाडेकरूने बाजू मांडायची परवानगी मागायला हवी. करारात लिहिलेली गोष्ट हाच निर्णायक पुरावा. कागदावर हा घरमालकाच्या बाजूचा अतिशय भक्कम कायदा आहे, आणि हे आम्ही कबूल करायला हवं. माझ्या घाटकोपरच्या भाडेकरूला कायदा जवळजवळ हलू देत नाही, तर बोरिवलीच्या भाडेकरूला मुदतीनंतर एक दिवसही देत नाही. एक कायम, दुसरा पाहुणा. मधलं काहीच नाही.

तरीही भीती गेलेली नाही, आणि ती सगळी खोटी नाही. आठ वर्षांपूर्वी माझा एक भाडेकरू मुदत संपल्यावर सात महिने हलला नाही. नोकरी गेली होती, घरात तान्हं मूल. भाडं थांबलं, मेंटेनन्स मी भरत राहिले, डिपॉझिट वळतं होत होत संपलं. वकिलांनी अर्ज तयार केला. तो दाखल करायच्या आदल्या आठवड्यात मी स्वतः बोरिवलीला गेले. त्याच्या बायकोने चहा केला आणि कोणीच काही बोलेना. शेवटी मी म्हटलं, “मागचं सोडते, तुम्ही महिनाअखेर चावी द्या.” दिली. माझे जवळजवळ पावणेदोन लाख गेले. दुप्पट भरपाईचं कलम माझ्या बाजूने होतं, पण ज्याच्याकडे एकपट नाही त्याच्याकडून दुप्पट कसं घेणार? त्या सात महिन्यांत मला एकदाही वाटलं नाही की भाडं जास्त लावायला हवं होतं. वाटत होतं ते एवढंच, की घर परत मिळेल ना?

छोट्या घरमालकाची सगळी मागणी या एका प्रश्नात आहे. भाडं किती, हे बाजार ठरवतो आणि आम्ही ते मान्य करतो. खात्री मिळत नाही ती परत मिळण्याची, आणि ज्या गोष्टीची खात्री नाही तिची किंमत आम्ही भाडेकरूकडून वसूल करतो: सहा-सहा महिन्यांचं डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, ‘पार्टी कशी आहे’ याची चौकशी, आणि नको त्या माणसाला नकार. भीती आमची, बिल त्याचं.

अकरा महिन्यांचंच पाहा. 1908 च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून सगळ्या देशात अकरा महिन्यांची पळवाट रूढ झाली. महाराष्ट्रात 1999 च्या कायद्याच्या 55 व्या कलमाने ती बंदच झाली. इथे प्रत्येक करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी धरल्या जातात, मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडही होऊ शकतो. म्हणजे अकरा महिन्यांना आता कायद्याचा कसलाही आधार उरलेला नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरच्या 10 टक्के व्याजाच्या पाव टक्का, वर नोंदणीचे हजार रुपये. करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो. माझ्या बोरिवलीच्या घराचा हिशेब मी करून पाहिला. तीन वर्षांचा एक करार सुमारे चार हजारांत होतो. अकरा-अकरा महिन्यांचे तीन केले तर खर्च सहा हजारांच्या घरात जातो. शिवाय दर वेळी एजंटाची दलाली, भाडेकरूकडून वेगळी, माझ्याकडून वेगळी. स्वस्त असलेला मार्ग सोडून आम्ही महागडा का धरतो? सवयीने, भीतीने, आणि एजंट तसंच छापून आणतो म्हणून.

एजंटाचं यंत्र हे आमच्या व्यवहारातलं नवं दैवत. 2014 च्या सुमारास करार घरबसल्या ऑनलाइन नोंदवायची सोय झाली, आधार आणि अंगठ्यासह. मागच्या करारात माझा अंगठा त्या काचेवर उमटेना. चाळीस वर्षं नोटा मोजलेली बोटं, रेषा पुसट झालेल्या. भाडेकरूच्या मुलीने आतून ओला रुमाल आणून दिला. सातव्या खेपेला हिरवा दिवा लागला. ऑफिसच्या रांगेत दिवस घालवण्यापेक्षा हे शंभर पटींनी चांगलं आहे. या एका सुधारणेने उपनगरातले तोंडी व्यवहार झपाट्याने कागदावर आले, असं माझं मत आहे.

सोसायट्यांबद्दल थोडक्यात. एके काळी फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी मनाला येईल तेवढा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावायची. 1 ऑगस्ट 2001 च्या सरकारी आदेशाने तो सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर आणला, तोही पालिकेचे कर वगळून. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये तो आदेश उचलून धरला. तरी कमिटीची ‘एनओसी’ हवीच, असं अजून सांगितलं जातं. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने कळवणं पुरेसं आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते ती वेगळी, आणि ती मी न चुकता देते.

यापेक्षा अवघड प्रश्न नकाराचा. 2023 च्या सप्टेंबरात मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला, ती मराठी आहे म्हणून, ऑफिससाठी जागा नाकारली गेली आणि त्याचा व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. माझ्या घरापासून पुलापलीकडची गोष्ट. मलाही राग आला, आणि तो योग्यच होता. पण त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या मराठी शेजाऱ्याने एका मुसलमान डॉक्टर जोडप्याला ‘घर ऑलरेडी गेलं’ म्हणून सांगितलं, आणि घर आणखी दोन महिने रिकामं होतं. एकटी मुलगी, अविवाहित मुलगे, मांसाहारी, उत्तरेकडचा, दलित आडनावाचा. नकाराची यादी मोठी आहे आणि ती लिहिणारे आम्ही सगळ्या भाषांचे घरमालक आहोत. 1999 च्या कायद्यात धर्म, जात, भाषा, आहार यांवरून घर नाकारण्याबद्दल एक अक्षर नाही. असायला हवं. माझं घर, माझी मर्जी, हे म्हणणं मला कळतं. पण जे घर मी बाजारात मांडलं, जाहिरात दिली, ते पूर्ण खाजगी राहत नाही. मी आता एजंटाला तीनच गोष्टी विचारते: पगार कुठून येतो, किती जण राहणार, किती दिवस राहणार. चौथा प्रश्न तो विचारू लागला तर थांबवते.

भाडी वाढली आहेत, हे खोटं नाही. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो 2014 साली आली, दहिसर-अंधेरी मार्ग 2022 पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाले, आणि स्टेशनजवळच्या जाहिरातीत मिनिटं मोजली जाऊ लागली. त्याहून मोठं कारण पुनर्विकासाचं. मुलुंड, बोरिवली, घाटकोपर पूर्वेला जुन्या सोसायट्या एकामागून एक रिकाम्या होताहेत, आणि तिथली कुटुंबं मुलांची शाळा न बदलता त्याच पिनकोडात घर शोधतात. त्यांचं भाडं बिल्डर देतो. असा भाडेकरू मिळाला की मालक खूश: तीन वर्षं पक्का, पैसे आगाऊ. पण त्याच गल्लीत स्वतःच्या पगारातून भाडं भरणारी नर्स किंवा शिक्षक कल्याण-विरारच्या पलीकडे ढकलले जातात. भाडं गोठवणं हे यावरचं उत्तर नाही, हे या शहराने पन्नास वर्षं भोगून पाहिलं आहे. बर्लिनने 2020 साली भाड्यांवर मर्यादा घातली, पुढच्याच वर्षी जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली. सरकारने स्वतः भाड्याची घरं बांधण्याचाही एक प्रयत्न झाला. 2008 मध्ये एमएमआरडीएने 160 चौरस फुटांच्या खोल्यांची योजना आणली. पनवेलजवळच्या कोनमध्ये तशा दोन-दोन खोल्या जोडून अखेर गिरणी कामगारांना मालकीने दिल्या गेल्या. भाड्याचं सार्वजनिक घर ही कल्पना तिथेच थांबली, हे मला त्या योजनेचं सर्वांत मोठं अपयश वाटतं.

केंद्राने जून 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. राहत्या घराला दोन महिन्यांहून जास्त डिपॉझिट नाही. वेगळं भाडे प्राधिकरण, भाडे न्यायालय. मुदतीनंतर राहिल्यास पहिले दोन महिने दुप्पट, पुढे चौपट भाडं. कायदा करायचा की नाही, हे राज्यांवर. तमिळनाडूने त्याआधीच, 2017 मध्ये, जुना कायदा बाजूला ठेवून नवा केला. उत्तर प्रदेशने 2021 मध्ये. मुंबईत या मसुद्याचं नाव काढलं की पागडीच्या भाडेकरूंच्या पोटात गोळा येतो, आणि तो यावाच, कारण त्यांच्या मोजलेल्या पागडीचं काय, हे त्यात कुठेच नाही. या दोन जाती पुन्हा एकाच कायद्यात कोंबू नयेत, असं माझं ठाम म्हणणं आहे. पागडीची घरं ही वाटणीची बाब आहे; पुनर्विकास करून भाडेकरूला मालकी, मालकाला जमिनीचा योग्य मोबदला, हा एकच शेवट तिथे शक्य आहे. लायसन्सच्या घरांना मात्र दोन महिन्यांच्या डिपॉझिटची मर्यादा मी आज मान्य करीन, त्याच्या बदल्यात मुदतीनंतरचा निकाल ठरलेल्या दिवसांत लागणार असेल तर. आणि भाडेकरूच्या बाजूनेही एक हवं: किमान दोन वर्षांची मुदत. शाळेत जाणारं मूल असलेल्या घराला अकरा महिन्यांत हलवणं मला आता पटत नाही.

बोरिवलीचा करार येत्या मे महिन्यात संपतोय. भाडेकरूची मुलगी पुढच्या वर्षी दहावीला जाईल, म्हणून तिच्या आईने डिसेंबरातच विचारलं, “काकू, आम्ही राहिलो तर चालेल ना?” या वेळी छत्तीस महिन्यांचा करायचं ठरलंय, दर वर्षी 5 टक्के वाढ, दोन्ही बाजूंनी दोन महिन्यांची नोटीस, पहिलं वर्ष लॉक-इन. डिपॉझिट दीड लाखावरून सत्तर हजारांवर आणते आहे. उरलेले ऐंशी हजार एप्रिलमध्ये परत करीन. कपाटामागच्या भिंतीला ओल आली आहे, ते काम त्याआधी करून द्यायचंय. प्लंबर रविवारी येतो म्हणालाय.